कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित शृंगारिक कला

कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित शृंगारिक कला म्हणजे संगणकीय प्रारूपाला शब्दांतून किंवा नमुना-चित्रातून सूचना देऊन तयार करवून घेतलेली, प्रणय, नग्नता किंवा कामभावना हा विषय असलेली चित्रे व चलत्‌चित्रे होत. ऑगस्ट २०२२मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे प्रारूप सर्वांसाठी खुले झाल्यानंतर या प्रकारच्या निर्मितीचा झपाट्याने प्रसार झाला आणि ती करणाऱ्यांचे, पाहणाऱ्यांचे व परस्परांना तंत्र शिकवणाऱ्यांचे समुदाय आंतरजालावर उभे राहिले. अशा निर्मितीला कला म्हणावे की अश्लील साहित्य, हा वाद जुनाच आहे. मात्र चित्रातील देह कोणाचा आणि त्या व्यक्तीची संमती होती काय, हा प्रश्न या तंत्राने नव्याने व अधिक तीव्रतेने उभा केला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

भारतीय साहित्यशास्त्रात शृंगार हा रस मानला जातो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत त्याचा निर्देश प्रथम येतो आणि ‘रती’ हा त्याचा स्थायिभाव होय. ‘अश्लील’ ही मात्र कायद्याची संज्ञा आहे. एखादी कृती शृंगारिक असूनही कायद्याने अश्लील नसू शकते.

या लेखाच्या विषयापासून ‘डीपफेक’ हा प्रकार वेगळा ओळखावा लागतो. डीपफेकमध्ये प्रत्यक्षात असलेल्या व्यक्तीचा चेहरा, देह किंवा आवाज तिने कधीही न केलेल्या कृतीला जोडला जातो. शृंगारिक कलेत चित्रित व्यक्ती सर्वस्वी काल्पनिक असणे अपेक्षित असते. तंत्र दोहोंचे जवळजवळ एकच असल्यामुळे ही सीमारेषा व्यवहारात सहज पुसली जाते.

पूर्वपरंपरा

शृंगाराचे चित्रण महाराष्ट्राला नवे नाही. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह प्रामुख्याने प्रणयभावनेचा आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दांपत्यशिल्पे आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात आणि गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील मंदिरांवर मिथुनशिल्पे आढळतात. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, होनाजी बाळा, परशराम आदी शाहिरांनी शृंगारिक लावणी लोकप्रिय केली.

आधुनिक कलाशिक्षणात नग्न देहाचा अभ्यास हा अभ्यासक्रमाचा भाग बनला. १८५७मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात प्रत्यक्ष मॉडेल समोर बसवून रेखाटन करण्याची परंपरा आहे. त्या विद्यालयात मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीची कथा रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटात आली आहे. २०१७मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागातून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा चित्रपट वगळला होता. पुढे एप्रिल २०१८मध्ये तो प्रदर्शित झाला.

अश्लीलतेविषयीचे महाराष्ट्रातील खटले

यंत्रनिर्मित चित्रांविषयीच्या आजच्या वादाला महाराष्ट्रातील जुन्या न्यायालयीन वादांची पार्श्वभूमी आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य हे त्याचे मुख्य विषय होते आणि मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. १९३१मध्ये एका लेखावरून त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४मध्ये दुसरा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली. कर्वे हा खटलाही हरले, परंतु १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालू ठेवले.

१९५४मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांच्या मुंबईतील जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात ‘लव्हर्स’ या चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्रे काढून घेण्यास पदमसी यांनी नकार दिला आणि त्यांच्यावर खटला भरण्यात आला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरवले व उच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला.

रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये कायम केली. या निकालात इंग्लंडमधील १८६८ सालची ‘हिक्लिन कसोटी’ स्वीकारण्यात आली. ज्यांच्या हाती ती कृती पडू शकते, त्यांपैकी वाईट प्रभावाला वश होणाऱ्यांची मने ती बिघडवू शकते काय, असा या कसोटीचा आशय आहे.

चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली होती. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये ती शिक्षा रद्द केली. कृतीचा विचार समग्रतेने करावा आणि समकालीन समाजाची दृष्टी लक्षात घ्यावी, हा विचार त्या निकालात दिसतो. अवीक सरकार विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी बाजूला सारली आणि समकालीन सामाजिक मानदंडाची कसोटी स्वीकारली.

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूळचे गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील ठरवून जप्त करण्याचा सीमाशुल्क विभागाचा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील असत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘लव्हर्स’च्या खटल्यानंतर सत्तर वर्षांनी पदमसी यांच्या चित्रांविषयी पुन्हा तसाच निर्णय आला.

या सर्व खटल्यांत वादाचा विषय वाचकावर वा प्रेक्षकावर होणारा परिणाम हा होता. चित्रित व्यक्तीचा हक्क हा त्यांपैकी एकाही खटल्याचा मुख्य मुद्दा नव्हता.

निर्मितीचे तंत्र

आजची बहुतेक चित्रनिर्मिती ‘डिफ्यूजन’ पद्धतीने होते. शिक्षणाच्या टप्प्यात प्रारूपाला असंख्य चित्रे व त्यांची वर्णने दिली जातात. प्रत्येक चित्रात टप्प्याटप्प्याने निरर्थक ठिपके मिसळले जातात आणि ते ठिपके ओळखून दूर कसे करावेत, हे प्रारूप शिकते. पुढे वापरकर्त्याने सूचना दिल्यावर प्रारूप केवळ ठिपक्यांपासून आरंभ करून वर्णनाशी जुळणारे चित्र घडवते. या सूचनेला सर्वत्र ‘प्रॉम्प्ट’ असेच म्हणतात.

‘स्टेबल डिफ्यूजन’च्या आरंभीच्या आवृत्त्यांच्या शिक्षणासाठी ‘लायन’ या ना-नफा संस्थेच्या संग्रहाचा वापर झाला. या संस्थेने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लायन-५बी’ संग्रहात आंतरजालावरून गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्र-वर्णन जोड्यांची नोंद होती. प्रारूपाचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर झाल्याने मराठी शब्दांतील सूचना त्याला नीट उमगत नसत.

मूळ प्रारूपात नग्नता रोखणारी गाळणी होती. परंतु संगणकप्रणाली खुली असल्यामुळे जाणकार वापरकर्त्याला ती काढून टाकता येई. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शिक्षणसंग्रहातूनच नग्न चित्रे गाळण्यात आली. त्यावर वापरकर्त्यांतून नाराजी व्यक्त झाली आणि अनेकांनी जुन्या आवृत्तीवर आधारित स्वतंत्र प्रारूपे घडवणे चालू ठेवले.

‘लोरा’ या तंत्रामुळे मोठ्या प्रारूपाला थोड्या चित्रांच्या आधारे एखादी शैली किंवा एखादा चेहरा शिकवता येतो. त्यातून तयार होणारी धारिका लहान असते आणि घरच्या संगणकावर वापरता येते. एखाद्या चित्रशैलीचा अभ्यास करण्यास हे तंत्र जितके उपयोगी आहे, तितकेच ते ओळखीच्या व्यक्तीचा चेहरा चोरण्यासही सोपे आहे.

समुदायांचा उदय

‘डीपफेक’ हा शब्दच एका समुदायातून आला. २०१७च्या अखेरीस ‘रेडिट’वर त्या टोपणनावाचा वापरकर्ता अभिनेत्रींचे चेहरे जोडलेल्या अश्लील चित्रफिती प्रसृत करीत होता. त्याच्याभोवती जमलेला गट ‘रेडिट’ने फेब्रुवारी २०१८मध्ये बंद केला. जून २०१९मध्ये स्त्रियांच्या छायाचित्रांवरील वस्त्रे काढल्याचा आभास निर्माण करणारे ‘डीपन्यूड’ हे उपयोजन आले आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेण्यात आले. त्याच वर्षी ‘डीपट्रेस’ या संस्थेच्या पाहणीत आढळले की, आंतरजालावरील डीपफेक चित्रफितींपैकी ९६ टक्के चित्रफिती संमतीविना केलेल्या अश्लील स्वरूपाच्या होत्या.

ऑगस्ट २०२२नंतर काल्पनिक व्यक्तींच्या शृंगारिक चित्रांसाठी ‘अनस्टेबल डिफ्यूजन’ हा गट पुढे आला. आरंभी ‘रेडिट’वर आणि नंतर ‘डिस्कॉर्ड’वर तो वाढला. आपले स्वतंत्र प्रारूप घडवण्यासाठी त्याने ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागितली, परंतु डिसेंबर २०२२मध्ये ती मोहीम स्थगित करण्यात आली. नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झालेले ‘सिव्हिटाय’ हे प्रारूपांच्या देवाणघेवाणीचे मोठे केंद्र बनले. मे २०२५मध्ये, देयक-सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या दबावानंतर, त्याने खऱ्या व्यक्तींची प्रतिरूपे घडवणाऱ्या प्रारूपांवर बंदी घातली. जे निर्बंध नीतीच्या आग्रहाने लवकर आले नाहीत, ते पैशाचा मार्ग बंद होण्याच्या भीतीने आले, असे या घटनेवरून दिसून येते.

समुदायांची अंतर्गत नियमावली

जबाबदारीने चालवल्या जाणाऱ्या समुदायांत पुढील नियम सामान्यतः आढळतात :

१. प्रवेश केवळ प्रौढांना. अर्थात केवळ ‘मी अठरा वर्षांवरील आहे’ या कळीने वय सिद्ध होत नाही.
२. बालकाचे किंवा बालक वाटेल अशा व्यक्तीचे लैंगिक चित्रण पूर्णतः निषिद्ध. चित्र हाताने रेखाटल्यासारखे किंवा व्यंगचित्रसदृश असले तरी सवलत नाही.
३. खऱ्या व्यक्तीचे चित्रण निषिद्ध, मग ती प्रसिद्ध असो वा अप्रसिद्ध.
४. प्रत्येक कृतीवर ती यंत्रनिर्मित असल्याची खूण आणि विषयसूचक शब्द, जेणेकरून नको असलेली चित्रे कोणाच्या डोळ्यांपुढे येऊ नयेत.
५. तक्रार येताच चित्र आधी झाकणे व मग चौकशी करणे.

हे नियम राबवणारे नियंत्रक पुष्कळदा विनावेतन काम करतात आणि त्रासदायक चित्रे सतत पाहण्याचा मानसिक भार त्यांच्यावर पडतो. यांत्रिक तपासणीलाही मर्यादा आहेत. ‘फोटोडीएनए’सारख्या प्रणाली चित्राची सांकेतिक खूण काढून ती ज्ञात बेकायदा चित्रांच्या खुणांशी ताडून पाहतात. यंत्राने घडवलेले चित्र दर वेळी नवे असल्यामुळे त्याची खूण आधी नोंदलेली नसते. चित्राचा उगम नोंदवणारी माहिती धारिकेत साठवता येते, पण पडद्याचे छायाचित्र घेताच ती नाहीशी होते.

शिक्षणसंग्रह स्वच्छ नसेल तर समुदायाचे नियम अपुरे पडतात, हे डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट झाले. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या अभ्यासात ‘लायन-५बी’मध्ये बाललैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवे आढळले आणि त्यांपैकी हजाराहून अधिक चित्रांची बाह्य तज्ज्ञांकडून पुष्टी झाली. त्यानंतर तो संग्रह मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०२४मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

भारतीय कायदा

भारतात या विषयासाठी स्वतंत्र कायदा नाही. पुढील तरतुदी लागू होतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ६७ अन्वये अश्लील आशय इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध वा प्रसारित करणे हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ६७अ लैंगिक कृतीच्या उघड चित्रणाला लागू होते. त्यात पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या हितार्थ लोककल्याणासाठी झालेल्या प्रकाशनाला अपवाद आहे, परंतु तसे सिद्ध करावे लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४मध्येही अश्लील साहित्याच्या विक्री व प्रदर्शनासाठी शिक्षा आहे आणि इलेक्ट्रॉनिक आशयाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे खुल्या समुदायात टाकलेले उघड लैंगिक चित्र, व्यक्ती काल्पनिक असली तरी, गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते.

बालकांविषयी कायदा निःसंदिग्ध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब अन्वये बालकांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणेच नव्हे, तर तशी डिजिटल प्रतिमा तयार करणे, शोधणे व उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. पोक्सो अधिनियमात २०१९च्या दुरुस्तीने घातलेल्या व्याख्येत खऱ्या बालकापासून वेगळी न ओळखू येणारी संगणकनिर्मित प्रतिमा स्पष्टपणे समाविष्ट आहे. चित्रातील बालक अस्तित्वातच नाही, हा बचाव येथे चालत नाही.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये नग्न अथवा लैंगिक स्वरूपाच्या, तसेच कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमेबाबत संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यास ती हटवण्याची जबाबदारी माध्यमसंस्थेवर आहे. मूळ नियमात यासाठी २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६मधील दुरुस्तीने मुदती कमी करण्यात आल्या आणि कृत्रिमरीत्या निर्मित आशयावर तशी खूण करणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी जानेवारी २०२६मध्ये ‘एक्स’ या माध्यमावरील ‘ग्रोक’ प्रणालीकडून स्त्रियांच्या छायाचित्रांचे विवस्त्रीकरण करवून घेतले जात असल्याच्या तक्रारींवरून केंद्र सरकारने त्या कंपनीला नोटीस बजावली होती.

आपले नाव, प्रतिमा व आवाज यांवरील व्यक्तीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशांद्वारे मान्य केला आहे. अरिजित सिंह (२०२४) आणि आशा भोसले (२०२५) यांच्या दाव्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेला प्रतिबंध करण्यात आला. हे दावे शृंगारिक चित्रांविषयी नसले, तरी त्यांतील तत्त्व प्रतिमेलाही लागू पडते. मात्र असा दिवाणी दावा चालवणे सर्वसामान्य व्यक्तीच्या आवाक्यात सहसा नसते.

मतमतांतरे

समर्थकांच्या मते या निर्मितीत कोणाही कलावंताचे शारीरिक शोषण होत नाही. ज्यांना रेखाटनाचे शिक्षण मिळाले नाही, ज्यांचे शरीर किंवा ज्यांची लैंगिक ओळख रूढ चित्रणात स्थान मिळवत नाही, अशांना आपली कल्पना मांडण्याचे साधन मिळते. नैतिक धाकाने असे साधन बंद करणे म्हणजे कर्वे यांच्यावर झालेल्या अन्यायाची पुनरावृत्ती होय, असे ते म्हणतात.

विरोधकांचा मुख्य आक्षेप नग्नतेवर नाही. कला विद्यालयातील मॉडेल कामाची कल्पना असताना येते, मोबदला घेते, चित्रकाराला पाहू शकते आणि नको वाटल्यास उठून जाऊ शकते. यंत्राच्या शिक्षणसंग्रहातील व्यक्तींना यांपैकी एकही गोष्ट शक्य नाही. त्यांचे देह न विचारता गोळा झाले आहेत. चित्रकारांची शैलीही अशीच घेतली गेल्याचा आरोप असून जानेवारी २०२३मध्ये तीन चित्रकारांनी अमेरिकेत ‘स्टॅबिलिटी एआय’ व अन्य कंपन्यांविरुद्ध त्याबाबत दावा दाखल केला.

परिणामाचा भारही समान वाटला जात नाही. बनावट चित्र प्रसृत झाल्यावर ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याची वेळ त्या स्त्रीवर येते. लहान गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे चित्र हटवले गेले तरी त्याची चर्चा हटत नाही. शिक्षण सुटणे, घराबाहेर पडणे बंद होणे, विवाह मोडणे या परिणामांची नोंद कोणत्याही तांत्रिक नियमावलीत होत नाही. म्हणूनच ‘हे अश्लील आहे काय’ या प्रश्नाआधी ‘यात कोणी खरी व्यक्ती आहे काय, आणि तिने होकार दिला होता काय’ हा प्रश्न विचारला जावा, अशी भूमिका विरोधकांप्रमाणेच अनेक समर्थकही मांडतात.

तक्रारीची पद्धत

बनावट लैंगिक चित्र आढळल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करता येते. स्त्रिया व बालकांविषयीच्या तक्रारीसाठी तेथे स्वतंत्र विभाग असून नाव न देताही माहिती कळवण्याची सोय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. चित्र कोठे दिसले त्याचा पत्ता, दिनांक व वेळ यांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या आंतरराष्ट्रीय सेवेत प्रौढ व्यक्तीला आपले चित्र कोणाकडेही न पाठवता केवळ त्याची सांकेतिक खूण नोंदवता येते. तीवरून सहभागी माध्यमसंस्था ते चित्र शोधून रोखू शकतात.

हेही पहा

अश्लीलता
डीपफेक
रघुनाथ धोंडो कर्वे
अकबर पदमसी
न्यूड (मराठी चित्रपट)
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००